प्रतीक्षायादीतील मोटार

आवडी हे नाव कानी पडले की मराठी माणसास आपल्या आवडीनिवडींची आठवण व्हावी, हे साहजिक आहे. परंतु हे गाव चेन्नईच्या पश्चिमेस, अरक्कोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेले आहे. 1955 च्या जानेवारीत काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव संमत झाला, तेव्हापासून ते देशभर ठाऊक झाले. पुढे येथे अवजड वाहनांचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि 1965 साली त्यातून ‘विजयंता’ रणगाडा बाहेर पडला. ‘अर्जुन’ रणगाड्याची आखणीही येथल्याच संशोधनसंस्थेत झाली. माझे मेहुणे संरक्षण खात्याच्या नोकरीत असून नगरहून बदली होऊन ते येथे आले आहेत.

2025 च्या दिवाळीनंतर त्यांच्याकडे चार दिवस राहण्याचा योग आला. पाहतो तो काय, रणगाड्यांच्या ह्या गावी माझ्या बहिणीच्या दारात साधी मोटारदेखील नव्हती!

हकीकत अशी. पाच महिन्यांपूर्वी मेहुण्यांनी एका मोठ्या हायब्रीड गाडीसाठी पैसे भरून नाव नोंदविले. ‘दोन महिन्यांत गाडी दारात उभी करतो,’ असे विक्रेत्याने तोंडी सांगितले. त्यावर विसंबून, आणि चांगली किंमत येत आहे म्हणून, मेहुण्यांनी घरची अकरा वर्षांची जुनी गाडी विकून टाकली. दोन महिन्यांचे तीन झाले, तिनाचे पाच झाले. विचारावे तेव्हा ‘आपला क्रमांक वर सरकला आहे’ एवढेच उत्तर.

ही केवळ हौसेची बाब असती तर मी हा विषय येथे घेतला नसता. मेहुण्यांच्या मातोश्रींस, ज्यांना आम्ही सारे माई म्हणतो, गेल्या वर्षी पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला. हात व पाय पुन्हा वळणावर यावेत म्हणून आठवड्यातून दोनदा त्यांना चेन्नईस उपचारांसाठी न्यावे लागते. अंबत्तूर आणि पाडीच्या गर्दीतून हे अंतर काटणे धडधाकट माणसासही नकोसे होते. भाड्याच्या गाडीस जाऊन-येऊन सुमारे बाराशे रुपये पडतात. बहिणीने हिशेबाची वही माझ्यापुढे ठेवली. पाच महिन्यांत पन्नास हजार रुपये केवळ भाड्यापायी गेले होते, आणि गाडी वेळेवर न आल्यामुळे सहा वेळा उपचार बुडाले होते. ह्या सहा खेपांची किंमत कोणत्या रकान्यात मांडावी?

हायब्रीड म्हटले की आमच्या पिढीला प्रथम ज्वारी आठवते. 1964 साली संकरित ज्वारीचे पहिले वाण आले. पीक भरघोस येई, पण भाकरीच्या चवीबद्दल घरोघरी कुरकुर चाले. मोटारीतील संकर निराळा. तिच्यात पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन्ही असतात. गर्दीत हळूहळू सरकताना बहुधा वीज गाडी ओढते. वेग वाढला की इंजिन पुढाकार घेते. गती कमी करताना वा ब्रेक दाबताना जी शक्ती एरवी उष्णता होऊन वाया जाते, तिचा काही भाग विजेच्या रूपाने बॅटरीत परत साठविला जातो. म्हणूनच मोकळ्या हमरस्त्यापेक्षा शहराच्या कोंडीत तिची बचत अधिक दिसते. जपानमध्ये 1997 साली ‘प्रियस’ ही अशी गाडी बाजारात आली. आपल्याकडे खऱ्या अर्थाने हायब्रीड म्हणता येतील असे नमुने आजही मोजके आहेत आणि ते बनविणारे कारखानेही थोडे. मागणी वाढली की यादी लांबते. 2023 च्या एप्रिलमध्ये तर ‘इनोव्हा हायक्रॉस’च्या वरच्या नमुन्यांची नोंदणीच थांबवावी लागली होती, ती वर्षभराने पुन्हा उघडली.

गाड्यांची अशी टंचाई आपणांस नवीन नाही. 1959 च्या नियंत्रण आदेशानुसार अँबेसेडर वा फियाट घेणाऱ्यास नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि हाती आलेली नवी गाडी दोन वर्षे विकण्यास मनाई असे. स्कूटरसाठी नोंदविलेले नाव मुलाच्या लग्नापर्यंत लागले, अशा गोष्टी पुण्यात अजून सांगतात. पण तेव्हा दुसरा पर्याय फारसा नव्हता. आज तो आहे.

रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मेहुणे कचेरीत सायकलने जातात, चेन्नईस एकट्याचे काम असेल तर लोकलने. म्हणजे माईंच्या फेऱ्या आणि रविवारची भटकंती मिळून वर्षाकाठी गाडी धावणार आठ हजार किलोमीटर. त्याच आकाराची पेट्रोल गाडी लिटरला चौदा आणि हायब्रीड एकवीस किलोमीटर जाते, असे धरले. एकीस 571 लिटर पेट्रोल लागेल, दुसरीस 381. बचत 190 लिटरची. लिटरला शंभर रुपये धरले तर एकोणीस हजार रुपये. दोन्ही गाड्यांच्या किमतींत अडीच लाखांचा फरक होता. तो भरून निघण्यास तेरा वर्षे हवीत! जो मनुष्य शहरातच वर्षाला वीस हजार किलोमीटर फिरतो, त्याचा फरक साडेपाच वर्षांच्या आत फिटेल. त्याने खुशाल थांबावे. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतील लहान पेट्रोल गाड्यांवरील वस्तू व सेवा कर 18 टक्क्यांवर उतरला आहे, मोठ्या हायब्रीड गाड्यांवर मात्र तो 40 टक्के आहे. मेहुणे बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिले.

‘पण आता इतके थांबलोच आहोत तर...’ असे ते म्हणाले. यादीत उभ्या असलेल्या माणसाची ही नेहमीची अडचण. गेलेले पाच महिने परत येणार नव्हते. पुढचे महिने तेवढे त्यांच्या हाती होते.

नगरच्या त्यांच्या बंधूंनी आणखी एक तोड सुचविली होती. तिकडे गाडी लवकर मिळते, तेव्हा ती त्यांच्या नावावर घ्यावी आणि आवडीस आणावी. ह्यात दोन पेच आहेत. बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीची तेथे नव्याने नोंदणी करावी लागते, तेथील कर भरावा लागतो आणि मूळ राज्यात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी खेटे घालावे लागतात. दुसरे म्हणजे गाडी एकाची आणि कागद दुसऱ्याच्या नावे, हा प्रकार सख्ख्या भावांतही मी सुचविणार नाही. केंद्र सरकारच्या नोकरांस 2021 पासून ‘भारत’ मालिकेचा क्रमांक घेता येतो. बदली झाली तरी तो बदलावा लागत नाही. बदलीच्या नोकरीवाल्यांनी त्याची चौकशी गाडी घेण्याआधीच करावी.

नोंदणीची पावतीही मी मागून पाहिली. तीवर गाडी देण्याची तारीख नव्हती. किंमत ‘गाडी देतेवेळी असेल ती’ असे बारीक अक्षरांत छापले होते. नाव मागे घेतल्यास किती रक्कम परत मिळेल, ह्याविषयी एक ओळही नव्हती. ही तिन्ही उत्तरे पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्यावयास हवी होती. गाडीबरोबर विमाही आमच्याकडूनच घ्या, असा आग्रह कोणी धरला तर तो मानण्याचे बंधन नाही, हेही ध्यानात असू द्यावे. आणि नवी गाडी दारात येईपर्यंत जुनी विकू नये. मेहुण्यांची खरी चूक एवढीच होती.

आमची बैठक संपत आली तेव्हा माई काठी टेकीत बाहेरच्या खोलीत आल्या. सारे ऐकून घेऊन त्यांनी विचारले, ‘ती गाडी जमिनीपासून किती उंच आहे रे?’

कोणालाच सांगता येईना. दुसऱ्या दिवशी आम्ही माईंना घेऊन विक्रेत्याकडे गेलो. नमुन्याच्या गाडीत चढताना त्यांचा उजवा पाय काही केल्या पायरीपर्यंत जाईना. दोघांनी धरून त्यांना आत बसवावे लागले. शेजारच्या दुकानातील लहान पेट्रोल गाडीत मात्र त्या आधी बसल्या आणि मग पाय आत घेतले, कोणाचाही हात न धरता.

मेहुण्यांनी त्याच संध्याकाळी नाव मागे घेण्याचे पत्र लिहिले. अनामत रकमेपैकी थोडी कापून बाकीची तीन आठवड्यांनी परत आली. लहान गाडी नवव्या दिवशी मिळाली. बहिणीच्या पत्रावरून कळते की माईंची एकही खेप तेव्हापासून चुकलेली नाही. गाडीचा रंग तेवढा त्यांना पसंत नाही.