सवलत मालकाला, शिस्त कामगाराला!

मुंबईहून सोलापूर, रेणिगुंटा, अरक्कोणममार्गे चेन्नई सेंट्रलला जाणारी गाडी शेवटच्या टप्प्यात अंबत्तूर ओलांडते. तेथील औद्योगिक वसाहत ही देशातील लघुउद्योगांच्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक. ती बाजाराच्या कृपेने उगवलेली नाही. १९६० च्या दशकात, आर. वेंकटरामन मद्रास राज्याचे उद्योगमंत्री असताना, सरकारने जमीन, रस्ते, वीज दिली आणि लेथ-प्रेस घेऊन येणाऱ्या लहान कारखानदारांना जागा दिली. त्या काळी पोस्टाच्या खिडकीवर जमणाऱ्या अल्पबचतीचा मोठा वाटा राज्यांना कर्जाऊ मिळत असे. म्हणजे आपल्या टपाल बंधूंनी मोजून घेतलेल्या नोटाच राज्यांच्या योजनांमागे उभ्या होत्या.

तीन स्टेशने पुढे रेल्वेचा स्वतःचा डब्यांचा कारखाना. १९५५ साली स्विस आराखडा उसना घेऊन तो सुरू झाला. तेथल्या कामगाराने वेल्डिंग शिकत शिकत डबे घडवले आणि २०१८ साली त्याच कारखान्यातून ‘वंदे भारत’ची पहिली गाडी बाहेर पडली. हे कोणत्या शेअरबाजाराने केले?

तरीही १९९१ पासून आपल्याला एकच पाठ पढवला जातो. सरकारने हात काढून घ्यावा, बाजार सारे करील, कोरियाकडे पाहा!

ठीक आहे, पाहू. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ ॲलिस ॲम्सडेन यांनी १९८९ साली दक्षिण कोरियावर ‘एशियाज नेक्स्ट जायंट’ हा ग्रंथ लिहिला आणि बाजारभक्तांची बोलती बंद केली. १९६१ मध्ये सत्ता बळकावताच जनरल पार्क यांनी बँका सरकारच्या ताब्यात आणल्या. उद्योगपतींना स्वस्त कर्ज मिळाले, परदेशी मालापासून संरक्षण मिळाले, पण फुकट नाही. निर्यातीचे लक्ष्य ठरवून दिलेले असे. ते गाठले नाही तर पुढचे कर्ज बंद, अगदी कंपनी बुडाली तरी चालेल! मोठी रक्कम चोरून परदेशी नेणाऱ्याला दहा वर्षांच्या कैदेपासून मृत्युदंडापर्यंत शिक्षेची तरतूद होती. ॲम्सडेन यांचे म्हणणे थोडक्यात असे, की सवलत सगळीच सरकारे देतात. कोरियाने सवलतीच्या बदल्यात भांडवलदाराकडून काम वसूल केले.

आमच्याकडे मालक सवलत घेतो आणि वर सरकारलाच डोळे वटारतो.

पण जनरल पार्कच्या आरत्या आपण ओवाळणार नाही. त्यांच्या राजवटीत युनियन चिरडल्या गेल्या. १९७० साली सेऊलच्या कपडा बाजारातील चोन ते-इल या तरुण कामगाराने कामगार कायदा पाळा असे ओरडत स्वतःला जाळून घेतले. कोरियन कामगाराला हक्क मिळाले ते १९८७ च्या प्रचंड संपलाटेनंतर. ॲम्सडेन यांनीही कोरियातील लांबलचक कामाचे तास आणि स्त्रियांची तुटपुंजी मजुरी यांची नोंद केली आहे. आमच्या राज्यकर्त्यांनी मात्र नेमका तेवढाच भाग उचलला!

पुरावा हवा? २०२० पासून केंद्राने उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनापोटी १४ क्षेत्रांसाठी सुमारे १.९७ लाख कोटी रुपये जाहीर केले. अटी आहेत, नाहीत असे नाही. गुंतवणूक दाखवा, वाढीव विक्री दाखवा. पण किती कामगार कायम केले, युनियनशी बोलणी केली का, ही अट नाही. एप्रिल २०२३ मध्ये तामिळनाडू विधानसभेने बारा तासांच्या पाळीला वाट करून देणारी दुरुस्ती मंजूर केली. कामगार संघटना खवळल्या, तेव्हा मे दिनी मुख्यमंत्र्यांना ती मागे घ्यावी लागली. आणि अंबत्तूरपासून थोड्याच अंतरावर, श्रीपेरुंबुदूरला, २०२४ साली सॅमसंगचे कामगार ३७ दिवस संपावर बसले. कशासाठी? युनियनच्या मान्यतेसाठी! याच कंपनीने मायदेशी युनियनविरोधी धोरणाबद्दल २०२० मध्ये जाहीर माफी मागितली होती.

अंबत्तूरच्या काही शेडच्या जागी आता काचेच्या आयटी इमारती आहेत. असू देत. पण सार्वजनिक पैशाने उभ्या राहिलेल्या जागेवर कोण काय करतो, हा प्रश्न सार्वजनिकच आहे.

बंधू-भगिनींनो, पुढच्या द्वारसभेत हीच मागणी मांडा: ज्या कंपनीला सरकारी जमीन, वीज वा करसवलत मिळते, तिच्या करारात कायम कामगारांची संख्या आणि युनियनची मान्यता लिहिलेली असावी, आणि करार मोडला तर सवलत व्याजासह परत घ्यावी.