अंतर तेच, प्रवास लांबला : बंद हवाई हद्दीचे गणित

नवी दिल्ली : दिल्ली ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे ११,७५० किलोमीटर आहे. ते बदललेले नाही. ते कापण्यासाठी भारतीय विमानांना लागणारा वेळ मात्र वाढला. पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. भारताने ३० एप्रिलला तसेच प्रत्युत्तर दिले. ही मुदत पुढे महिन्यामहिन्याने वाढत गेली.

दोन विमानतळांमधील अंतर पृथ्वीच्या गोलाईवरील सर्वांत जवळच्या मार्गाने मोजले जाते. प्रत्यक्ष मार्ग वारे, लष्करी क्षेत्रे आणि परवानग्या यांवर ठरतो. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाला आपल्या भूमीवरील आकाशाचे पूर्ण सार्वभौमत्व आहे.

या बंदीमुळे दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना दक्षिणेला वळून अरबी समुद्रावरून जावे लागते. लांबच्या मार्गासाठी जादा इंधन घ्यावे लागते आणि त्या इंधनाचे वजन वाहून नेण्यासाठीही इंधनच खर्च होते. उड्डाणाच्या वेळच्या वजनाला मर्यादा असल्याने माल किंवा प्रवासी कमी करावे लागतात, अन्यथा वाटेत थांबावे लागते. थांबा वाढला की वैमानिकांचे कामाचे तासही वाढतात. एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा स्थगित करताना विमानांच्या नूतनीकरणासोबत हेही कारण दिले होते.

मुंबईहून निघणारी विमाने थेट समुद्रावर जात असल्याने तेथे वळसा तुलनेने कमी आहे. मोठा भार उत्तर भारतावर पडतो.

खरी अडचण स्पर्धेची आहे. परदेशी कंपन्यांना पाकिस्तानवरून उडता येते. रशियाच्या आकाशाबाबत चित्र नेमके उलटे आहे. २०२२ पासून ते अमेरिकी व युरोपीय कंपन्यांना बंद असून भारतीय कंपन्यांना खुले आहे. त्या बंदीमुळे फिनएअरचा हेलसिंकी-टोकियो प्रवास सुमारे ९ तासांवरून १३ तासांवर गेला.

हा अनुभव भारताला नवा नाही. बालाकोटनंतर २०१९ मध्ये पाकिस्तानची हवाई हद्द जुलैच्या मध्यापर्यंत बंद होती. एकट्या एअर इंडियाला २ जुलैपर्यंत ४९१ कोटी रुपयांचा तोटा झाल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले होते.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २६ एप्रिल २०२५ रोजी कंपन्यांना बदललेला वेळ व संभाव्य थांबे प्रवाशांना आधी कळवण्याची, तसेच पुरेसे अन्न, पाणी व वैद्यकीय साहित्य ठेवण्याची सूचना दिली. यामुळे प्रवाशाची गैरसोय कमी होते, वळसा मात्र टळत नाही. लांब पल्ल्याची नवी विमाने घेऊन कंपन्यांना काही वेळ वाचवता येईल. उरलेल्या तासांचा निर्णय दिल्ली आणि इस्लामाबाद यांच्यातील संबंधांवरच अवलंबून राहील.