सामान सांभाळायला नेहमी आपणच का?



परदेशातली सहल ही आता आपल्या समाजात नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कुणाचा मुलगा जर्मनीत, कुणाची लेक लंडनला. उन्हाळ्यात आईवडिलांना बोलावून घेतात आणि आठवडाभर एखाद्या बेटावर नेतात. देवदर्शन, नाश्ता, समुद्र, बाजार इथपर्यंत आपण सगळ्याजणी बरोबर असतो. पण कार्यक्रमात थोडं धाडसाचं काही आलं की आपल्या वयाच्या बायका आपोआप बाकावर जाऊन बसतात. मांडीवर चार पर्सा, बाजूला पाण्याच्या बाटल्या, आणि तोंडात ठरलेलं वाक्य, "तुम्ही जाऊन या, मला काय करायचंय!"

या "मला काय करायचंय"बद्दल आज लिहायचं आहे. निमित्त आहे तीन चाकांच्या मोटारसायकलचं.

स्पेनच्या पूर्वेला भूमध्य समुद्रात मायोर्का नावाचं बेट आहे. जर्मन लोकांचं ते फार आवडतं. माझी लेक आणि जावई जर्मनीत असतात, त्यांनी आम्हा दोघांना जूनमध्ये तिथे नेलं होतं. चातुर्मास लागायच्या आधी परत यायचं, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. या बेटावर ट्राईकच्या सहली निघतात. ट्राईक म्हणजे पुढे एक चाक, मागे दोन. चालक पुढे बसतो आणि मागे दोघांना पाठीला टेका असलेल्या रुंद सीट. आपल्या रिक्षाचं टप काढलं आणि तिला मोटारसायकलचं हँडल लावलं की झाली ट्राईक, असं मी जावईबापूंना म्हटलं तेव्हा ते हसले, पण खोटं काही नव्हतं. जुन्या ट्राईकमध्ये फोक्सवॅगनच्या बीटल गाडीचं इंजिन मागे बसवलेलं असायचं, त्यामुळे वजनाला त्या चांगल्याच जड.

सहली दोन तऱ्हेच्या असतात. एकीत वाटाड्या पुढे आणि मागून पाहुण्यांनी आपापली ट्राईक चालवायची. दुसरीत ट्राईक चालवणारा माणूस त्यांचाच, आपण फक्त मागे बसायचं. आपल्यासाठी दुसरी तऱ्हा. स्वतः चालवायची तर लायसन्स कुठलं चालतं, भाडेकरारात काय लिहिलंय, हे सगळं निस्तरावं लागतं. सुट्टीत ते कुणी करावं?

आमच्याकडे झालं असं की, यजमान आणि जावई लगेच तयार झाले. मला सांगण्यात आलं, "तू सावलीत बस, सामान आहे." लेकीने काही न बोलता पिशव्या उचलल्या, गाडीच्या डिकीत टाकल्या आणि किल्ली वडिलांच्या हातात दिली. "आई, सामान बसलं. आता तू बस." दोन ट्राईक सांगितल्या, प्रत्येकीत आम्ही दोघं-दोघं. एवढी साधी गोष्ट. डिकीला कुलूप असतं, हे घरातल्या पुरुषांना कधी सुचत नाही, कारण कुलपाचं काम आपण करत असतो.

मैत्रिणींनो, साठीच्या बाईला हे वाहन मोटारसायकलपेक्षा खूप सोयीचं आहे. तोल सांभाळावा लागत नाही. थांबल्यावर पाय टेकावे लागत नाहीत. वळणावर मोटारसायकल कलते तशी ही कलत नाही, त्यामुळे अंग बाहेरच्या बाजूला ढकललं जातं, तेवढा बाजूचा दांडा घट्ट धरायचा. चढताना पायरी उंच लागते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आधी उभ्या गाडीवर एकदा चढून-उतरून पाहावं. कंबरेचं किंवा मणक्याचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसूच नये.

आम्ही आंद्राच गावावरून डोंगरातला रस्ता धरला. डावीकडे खाली समुद्र, उजवीकडे त्रामुंतानाचा डोंगर. २०११ मध्ये युनेस्कोने हा सगळा डोंगराळ प्रदेश जागतिक वारशात घेतला. तिथे राजवाडे नाहीत, वारसा आहे तो शेतकऱ्यांच्या हातांचा. चुना-सिमेंट न वापरता दगडावर दगड रचून बांधलेल्या ताली, एकीखाली एक, थेट समुद्रापर्यंत. पाणी खेळवायचे पाट अरबांच्या काळापासूनचे. त्या तालींवर ऑलिव्हची झाडं, खाली बान्याल्बुफार गावात द्राक्षं. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी पावसाळ्यानंतर ढासळलेला दगड उचलून परत जागेवर ठेवला, म्हणून तो डोंगर शाबूत आहे. घर सांभाळणाऱ्या बाईला ही गोष्ट कुणी समजावून सांगावी लागत नाही.

बसमधूनही हे दिसतं. पण बसला काच असते. ट्राईकवर पाईनच्या झाडांचा वास येतो, सावलीत शिरलं की हातांना गारवा कळतो, आणि समोरच्या माणसाच्या डोक्याआडून बघावं लागत नाही. एस्तेयेंक्सच्या पुढे समुद्रावर डोकावणारा एक जुना टेहळणी बुरूज आहे, सोळाव्या शतकातला, चाच्यांवर नजर ठेवण्यासाठी बांधलेला. तिथे उभी राहिले तेव्हा मनात आलं, हे बघायचं सोडून मी पिशव्यांवर नजर ठेवून बसले असते.

आता मुख्य मुद्दा. आपण "मला नको" म्हणतो आणि त्याला मनातल्या मनात त्यागाचं नाव देतो. हा त्याग आहे का? माझ्या मते नाही. जे आपल्याला मिळू शकत होतं, घ्यायची ताकद आणि इच्छा दोन्ही होती, आणि समजून-उमजून सोडलं, तो त्याग. जे कुणी विचारलंच नाही, किंवा लोक काय म्हणतील म्हणून ज्याला हात लावला नाही, तो नुसता संकोच. संकोचाने कर्माची निर्जरा होत असती तर आपल्या आज्या-पणज्या केव्हाच मोक्षाला गेल्या असत्या. उलट मनात हळहळ राहते, ती घरी येऊन दुसऱ्या कुणावर निघते. नको असेल तर जरूर नको म्हणा. भीती वाटते, गुडघा दुखतो, आवड नाही, ही सगळी चांगली कारणं आहेत. पण मग खरं कारण सांगा, व्रताच्या पदराआड लपू नका.

माझ्या जाऊबाईंना हे पटलं नाही. त्या म्हणाल्या, "अहो वहिनी, नुसतं गंमत म्हणून पेट्रोल जाळत डोंगरात फिरायचं, हा अनर्थदंड नाही का?" त्यांचा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो पोकळ नाही. विनाकारण केलेली हिंसा ती अनर्थदंड. वेग वाढला की हेल्मेटच्या काचेवर किडे आपटतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि आवाज! अरुंद दगडी गल्लीतून आठ-दहा ट्राईक एकामागून एक गेल्या तर तिथल्या घरातल्या आजारी माणसाचं, झोपलेल्या बाळाचं काय होत असेल? आपल्या कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर सामायिकाच्या वेळी कुणी असा ताफा आणला तर आपल्याला चालेल का?

मायोर्कातल्या लोकांनाही ते चालेनासं झालं आहे. बेटाची वस्ती साधारण नऊ-साडेनऊ लाख, आणि पाहुणे दर वर्षी त्याच्या दहापटीहून जास्त. घरभाडी वाढली, पाणी कमी पडतं, रस्ते तुंबतात. २०२४ च्या जुलैमध्ये पाल्मा शहरात हजारो स्थानिक लोक याविरुद्ध रस्त्यावर उतरले. यात एक गंमतही आहे. १८३८-३९ च्या हिवाळ्यात संगीतकार शोपँ आणि लेखिका जॉर्ज सँड याच बेटावर वायदेमोसा गावच्या मठात राहिले होते. नंतर सँडबाईंनी पुस्तक लिहून गावकऱ्यांबद्दल पुष्कळ कुरकुर केली. तेव्हा पाहुणे गावाबद्दल तक्रार करत होते, आता गाव पाहुण्यांबद्दल करतंय.

मी बी.कॉम. केलं तेव्हा पहिला धडा होता, घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. आनंद घेणारे आपण. देणारा कोण? ज्याचा रस्ता, ज्याची शांतता, ज्याच्या आजोबांनी रचलेली ताल, तो. त्याच्या खात्यात आपण काय जमा केलं? २०१६ पासून तिथलं सरकार पाहुण्यांकडून दर रात्रीचा पर्यटन कर घेतं, २०१८ मध्ये तो दुप्पट केला, हंगामात मोठ्या हॉटेलात माणशी ४ युरोपर्यंत जातो. तो भरताना काही लोक कटकट करतात. मला तो योग्य वाटतो. पण कर भरला म्हणजे खातं मिटलं असंही नाही. गोंगाटाची पावती करात मिळत नाही.

मग बसायचं की नाही? माझं उत्तर आपल्याच व्रतांत आहे. गृहस्थाला भोगोपभोग परिमाण सांगितलं आहे. त्यात उपभोगाची संपूर्ण बंदी नाही, माप ठरवायचं आहे, तेही आधी, मन मोहात पडायच्या आत. जाऊबाई म्हणतात सोडा. दुकानदार म्हणतो दिवसभराचं पॅकेज घ्या. व्रत म्हणतं, किती ते ठरव आणि त्याच्यापुढे जाऊ नकोस. आमचं माप होतं एकदाच, अर्धा दिवस, दोनच ट्राईक. दिवसभराच्या फेरीत सा कालोब्राचा घाट असतो. १९३२ सालचा हा रस्ता, इंजिनियर पारिएत्ती यांचा. एका ठिकाणी टायच्या गाठीसारखा गोल फिरून स्वतःच्याच खालून जातो. बघण्यासारखा आहे, आम्ही तो फोटोत पाहिला. दुसऱ्या दिवशी पाल्माहून सोय्येरला जाणाऱ्या, १९१२ पासून चालणाऱ्या लाकडी डब्यांच्या आगगाडीत बसलो आणि संत्र्यांच्या बागा बघत गेलो. मन भरायला एवढं पुरतं.

जायचं ठरवलंत तर आधी विचारायच्या गोष्टी सांगते. एका वेळी किती ट्राईक निघतात? चारच्या वर असतील तर दुसरा सहलवाला बघा. गावातून हळू नेतात का, थांबल्यावर इंजिन बंद करतात का, हे विचारा. आपण विचारलं की त्यांनाही कळतं की गिऱ्हाईक हे बघतं. हेल्मेट मागून घ्या आणि पट्टा स्वतः ओढून बघा. बऱ्याच ठिकाणी वारा लागू नये म्हणून कातडी जॅकेट देतात. ते नको म्हणा आणि कापडी मागा, नाहीतर आपलं विंडचीटर न्या. साडी नको, आणि ओढणी तर मुळीच नको. नर्तिका इझाडोरा डंकन १९२७ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात गळ्यातला लांब स्कार्फ मोटारीच्या चाकात अडकूनच गेली. प्रवास विम्यात मोटारसायकलसारख्या वाहनावरचा अपघात धरला आहे का, ते बारीक अक्षरात वाचा. बऱ्याच पॉलिसीत तो वगळलेला असतो.

खाण्याचंही सांगते. वाटेत थांबतात तिथे एन्साईमाडा नावाची गोल, पीठीसाखर भुरभुरलेली मऊ पाव-मिठाई हमखास पुढे येते. दिसायला अगदी निष्पाप. पण तिचं नावच तिथल्या भाषेतल्या डुकराच्या चरबीच्या शब्दावरून पडलं आहे. लेकीने आधीच सांगितलं होतं, म्हणून आम्ही वाचलो. ताजी फळं, बदाम, टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल लावलेला पाव मिळतो, मात्र पावावर लसूण चोळू नका हे सांगावं लागतं. जूनमध्ये सूर्य मावळायला रात्रीचे सव्वानऊ होतात, त्यामुळे सूर्यास्ताआधी जेवायला अडचण येत नाही. हिवाळ्यात मात्र साडेपाचच्या सुमाराला अंधारतं आणि हॉटेलांचं स्वयंपाकघर आठाशिवाय उघडत नाही. तेव्हा स्वयंपाकाची सोय असलेली खोलीच घ्यावी.

आणि सहल ठरवताना घरात एकदा स्पष्ट बोला. जागा किती आहेत, कोण कोण बसणार, आणि पिशव्या कुठे ठेवायच्या, हे निघण्याआधीच ठरू द्या. ज्यांना बसायचं नाही त्यांनी सावलीत निवांत वाचत बसावं, पण ते त्यांनी स्वतः ठरवलेलं असावं. सुनेलाही हेच विचारा. तिच्या मांडीवर आपल्या पर्सा ठेवून आपण बसलो, तर मग आपण सुधारलो कुठे?

जय जिनेंद्र.