मामांच्या गाडीची किंमत

दिवाळी अंकासाठी संपादकांचे पत्र आले की आमच्या घरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. सौ. भाजणीची धान्ये भाजायला घेते आणि मी विषय शोधायला बसतो. यंदा मात्र मला विषय शोधावा लागला नाही. तो गेले वर्षभर आमच्या फाटकाच्या आत, ताडपत्रीखाली उभा आहे.

तो विषय म्हणजे मामांची फियाट. 'अकराशे डिलाइट', १९६६ सालची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. जुन्या मुंबईकरांना 'डुक्कर फियाट' आठवत असेल, तिची ही धाकटी बहीण. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, आणि थंडीच्या सकाळी चोक ओढून तिची चार मिनिटे मनधरणी करावी लागते. मामा श्रीरामपूरला डॉक्टर होते. गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या कितीतरी अडलेल्या बाळंतिणी हिच्याच मागच्या सीटवरून दवाखान्यात आल्या. एकीने तर दवाखाना येण्याचीही वाट पाहिली नाही, असे मामी सांगतात.

मामांना मूलबाळ नव्हते. ते गेल्यावर मामी आमच्याकडे नगरला आल्या. (गावाचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, मीही पत्त्यात तसेच लिहितो, पण जिभेला अजून 'नगर'ची सवय आहे.) येताना त्यांनी दोन ट्रंका, एक तुळशीवृंदावन आणि ही गाडी आणली. अट एकच घातली, "दर भाऊबीजेला मला नेवाशाला न्यायचं. ह्याच गाडीतून." नेवासे हे मामींचे माहेर. मराठीच्या प्राध्यापकाला ज्ञानेश्वरांच्या नेवाशाला जायला नाही कसे म्हणता येईल?

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर गाडीच्या विम्याची मुदत संपत आली आणि मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावले. तो आता विम्याची एजन्सी करतो. माझ्या पेपराला तो दोनदा बसला होता, त्यामुळे त्याच्या मनात माझ्याविषयी आदर आहे आणि माझ्या मनात त्याच्याविषयी किंचित धाकधूक. त्याने कागद पाहिले, लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "सर, हे मॉडेल यादीतच नाही."

"मग घाल की यादीत."

"तसं घालता येत नाही, सर. एवढ्या जुन्या गाडीचा पूर्ण विमा बऱ्याच कंपन्या घेतच नाहीत. घेतलाच तर किंमत वीस हजार धरतील."

वीस हजार! आतल्या खोलीतून मामींच्या बांगड्यांचा आवाज झाला. मी त्याला हळू बोलायची खूण केली.

मग त्याने मला समजावून सांगितले. गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला, आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई. हा कायद्याने सक्तीचा, आणि आपल्याकडे तो १ जुलै १९४६ पासून सक्तीचा आहे. त्याचा हप्ता सरकार ठरवते आणि तो गाडीच्या वयावर नव्हे, इंजिनाच्या आकारावर ठरतो. आमच्या डिलाइटचे इंजिन १,०८९ सीसी. १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीला २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे वर्षाला ३,४१६ रुपये आणि वर कर. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक, आणि त्याचे दर २००७ पासून कंपन्यांच्या मर्जीवर. गाडीची विम्यातली किंमत पाच वर्षांतच निम्मी होते. त्यापुढच्या गाडीची, किंवा जिचे उत्पादनच बंद झाले अशा गाडीची, किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते.

"म्हणजे मी सांगेन ती?" मी उत्साहाने विचारले.

"आपसात म्हणालो मी, सर," तो म्हणाला.

पुढचे पंधरा दिवस मी तीन शाखांचे उंबरे झिजवले. एके ठिकाणी सवलतींची चौकशी केली, तर कळले की मान्यताप्राप्त मोटार संघटनेचा सभासद असलो तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात पाच टक्के सूट, पण जास्तीत जास्त २०० रुपये! चोराला रोखणारे यंत्र बसवले तर आणखी थोडी. मी म्हटले, या गाडीचा रिव्हर्स गिअर सापडायला मला दोन महिने लागले. चोराला ती न्यायची तर आधी माझ्याकडे शिकवणी लावावी लागेल. दुसऱ्या ठिकाणच्या साहेबांनी गाडी थेट आपल्या रणगाडा संग्रहालयात देण्याची सूचना केली. १९९४ साली सुरू झालेल्या त्या संग्रहालयात रोल्स रॉइसची एक चिलखती गाडी आहे. तिच्या शेजारी आमची डिलाइट शोभेल, असे त्यांचे मत पडले.

तिसऱ्या ठिकाणी मात्र एक खरी वाट सापडली. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, आणि अशा गाडीला तो सक्तीचा हप्ता निम्मा पडतो. म्हणजे वर्षाला १,७०८ रुपयांची बचत! मी पेढे घेऊनच घरी आलो. सौ.ने पेढा तोंडात टाकण्यापूर्वी नोंदणीचे शुल्क विचारले. ते २०,००० रुपये, आणि नोंदणी दहा वर्षांची. दहा वर्षांची बचत १७,०८० रुपये. "अहो, हे पेढे धरून तोटा किती झाला?" एवढेच ती म्हणाली.

पण खरी अडचण पैशांची नव्हतीच. व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती बाहेर पडायची. हे मी मामींना जमेल तितक्या गोड शब्दांत सांगितले.

"म्हणजे नेवाशाला नाही?"

"भाऊबीज ही काही रॅली नव्हे, मामी."

"मग ती गाडी राहिली नाही रे. देव्हारा झाला," मामी म्हणाल्या आणि वाती वळायला बसल्या.

या सगळ्या घासाघिशीत एक गोष्ट व्हायची ती झाली. विम्याची मुदत संपली. आणि मी, वर्गात मुलांना वक्तशीरपणाचे धडे देणारा माणूस, 'दिवाळीनंतर बघू' म्हणून तसाच भाऊबीजेला मामींना घेऊन निघालो.

घोडेगाव मागे पडले. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. तिच्या आडून एक दहाबारा वर्षांचा मुलगा सायकलवर एकदम पुढे आला. हँडलला फटाक्यांची पिशवी. या गाडीचे ब्रेक जुन्या ड्रमचे; ते दाबून चालत नाही, त्यांच्यावर उभे राहावे लागते. मी उभा राहिलो. गाडी किंचाळत थांबली तेव्हा तिच्या नाकात आणि त्या सायकलीत हातभराचे अंतर होते. पोराने सांडलेल्या लवंगी माळा गोळा केल्या आणि म्हणाला, "काका, गाडी एक नंबर आहे!" आणि गेला.

माझे हात नेवासे फाट्यापर्यंत थरथरत होते. तिथे मामींनी पहिला प्रश्न विचारला, "विमा आहे ना?"

मी उत्तर दिले नाही. मामीही थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझे मामा तो कागद स्टेथोस्कोपच्या पेटीत ठेवायचे. म्हणायचे, ही दोन्ही औजारं दुसऱ्यासाठी आहेत."

महिनाभर मी विम्याचा विचार करत होतो, पण तो सगळा माझ्या गाडीचा. तो मुलगा माझ्या हिशेबात कुठे नव्हताच. सक्तीच्या विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची मर्यादा आहे. माणसाच्या जिवाला आणि दुखापतीला मात्र मर्यादाच नाही. कागद नसता आणि काही झाले असते, तर न्यायाधिकरणाने ठरवलेली रक्कम माझ्या पगारातून त्या घराला कधी आणि कशी पोचली असती? पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड असतो, तो त्यामानाने काहीच नव्हे. आणि हे सगळे मी टांगणीला लावले होते ते हप्त्यात चार पैसे वाचावेत म्हणून. त्यातही सक्तीच्या हप्त्यात घासाघीस चालतच नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विद्यार्थ्याला फोन केला आणि एक शब्द न बोलता ३,४१६ रुपये आणि वरचा कर भरला.

मग राहिला दुसरा भाग. त्याने एक मधली वाट सुचवली. गाडी दहा वर्षांपुढची असली की धातूचे भाग बदलताना कंपनी निम्मेच पैसे धरते, म्हणजे पोचा काढण्यासाठी पूर्ण विमा घेण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा सक्तीच्या विम्याला आग आणि चोरी एवढ्याचीच जोड द्यावी. ती स्वस्त पडते. एक शाखा कशीबशी तयार झाली. गाडीची तपासणी झाली, चारी बाजूंनी फोटो निघाले, नोंदणीचे पुस्तक आणि दुरुस्तीच्या पावत्या जोडल्या. सर्व्हेअरकडून किंमतीचा लेखी दाखला घेतला. वाचकांपैकी कुणाकडे अशी म्हातारी गाडी असेल तर त्यांनी हा दाखला आधीच घेऊन ठेवावा; आकडा कागदावर असला की 'आपसात' बोलणे सोपे जाते.

मी लाख म्हणत होतो, कंपनी साठ हजार म्हणत होती. मी तणतणत घरी आलो. मामी म्हणाल्या, "गाडी गेली तर लाखात दुसरी अशी मिळेल?"

"कशी मिळेल?"

"मग साठावर सही कर आणि जेवायला बस."

मी सही केली. यंदा मुदत संपायच्या आठ दिवस आधीच विमा पुन्हा भरला आहे. ब्रेकचे लायनिंग बदलले आहे. भाऊबीजेला पहाटे निघायचे ठरले आहे, चोक ओढायला दहा मिनिटे जादा धरून. विम्याचा कागद मी मोबाइलमध्ये ठेवला होता, पण मामींना ते पटले नाही. त्यांनी ट्रंकेतून मामांची स्टेथोस्कोपची पेटी काढली आणि छापील प्रत घडी करून तिच्यात ठेवली. ती पेटी आता गाडीतच असते.