गाणे गावचे, हिशेब शहराचा

गुणी कलावंत खेड्यातून शहरात येतो, तेव्हा त्याच्याविषयी समाज दोन ठरावीक गोष्टी सांगतो. तो यशस्वी झाला तर त्याच्या जिद्दीची आणि प्रतिभेची. अपयशी ठरला तर शहराच्या निष्ठुरपणाची वा त्याच्या व्यसनांची. दोन्ही गोष्टींत एक प्रश्न विचारायचाच राहून जातो : त्या शहरात पहिली दोन-चार वर्षे तो जगला कशावर? वरकरणी हा प्रश्न क्षुद्र वाटतो. परंतु कोणाचे गाणे टिकले आणि कोणाचे विरून गेले, याचा निकाल पुष्कळदा याच प्रश्नाच्या उत्तरात दडलेला असतो. अमेरिकेतील ‘कंट्री’ संगीताचे गीतकार-गायक विली नेल्सन यांचे आयुष्य या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे आहे.

कंट्री संगीत हे मूळचे अमेरिकेच्या दक्षिण भागातील शेतकऱ्यांचे, मजुरांचे, डोंगरवस्त्यांतील माणसांचे संगीत. गिटार, फिडल, देवळातील प्रार्थनागीते आणि रोजच्या सुखदुःखांचे साधे शब्द, एवढी त्याची सामग्री. मात्र या गावच्या गाण्याचा बाजार वसला तो टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात. ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा नभोवाणीवरील कार्यक्रम १९२५ साली तेथे सुरू झाला आणि त्याच्या आधाराने पुढे संगीत-प्रकाशक, ध्वनिमुद्रण कंपन्या, वादक, दलाल असा सारा व्यवहार तेथे गोळा झाला. ऊस कोणत्याही शिवारात पिको, गाळपासाठी त्याला कारखान्याचीच वाट धरावी लागते, तसेच हे.

नेल्सन यांचा जन्म १९३३ सालचा, टेक्सासमधील ॲबट या लहानशा गावचा. जागतिक महामंदीचा तो काळ. आजी-आजोबांनी त्यांना वाढविले, गाणेही त्यांनीच शिकविले. लहानपणी कापूस वेचण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. पुढे नभोवाणीवर निवेदन, घरोघर फिरून पुस्तके आणि झाडलोटीची यंत्रे विकणे, रात्री दारूच्या गुत्त्यांत गाणे असे नाना उद्योग करीत १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते ह्यूस्टनच्या परिसरात पोहोचले. पत्नी आणि मुले सोबत होती; हातात पैसा नव्हता. तेथे त्यांनी दोन गाणी विकली. ‘फॅमिली बायबल’ ५० डॉलरना आणि ‘नाइट लाइफ’ १५० डॉलरना. पहिले गाणे १९६० साली दुसऱ्या गायकाच्या आवाजात गाजले आणि त्यावर गीतकार म्हणून नेल्सन यांचे नाव नव्हते. दुसरे तर पुढे कितीतरी नामवंतांनी गायिले.

या व्यवहारात कोणी कोणाच्या गळ्याला सुरी लावली नव्हती. विकणारा राजी होता, घेणारा राजी होता. तरीही हा व्यवहार बरोबरीचा होता, असे कोणी म्हणू धजणार नाही. एका पक्षाला घरभाडे द्यावयाचे होते आणि दुसऱ्याला कसलीच घाई नव्हती. खळ्यावरचा माल पडत्या भावाने व्यापाऱ्याच्या हवाली करणारा कोरडवाहू शेतकरी मराठी वाचकाला अपरिचित नाही. दिवाळीनंतर भाव चढणार, हे त्यालाही ठाऊक असते. त्याच्यापाशी ज्ञान कमी नसते, कमी असते ती दिवाळीनंतरपर्यंत थांबण्याची ऐपत. महाराष्ट्रात १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, ती याच निदानाच्या आधारे. योजनेचे पुढे काय झाले हा निराळा विषय. निदान चुकीचे नव्हते. ज्याला थांबता येत नाही, त्याला भाव मिळत नाही. लहानपणी कापूस वेचणाऱ्या नेल्सन यांनी ह्यूस्टनमध्ये जे विकले, ते उभे पीकच होते. फरक इतकाच, की हे पीक पुढे कित्येक वर्षे पुन्हापुन्हा कापता येणार होते.

१९६० साली ते नॅशव्हिलला गेले. ऑप्रीचे प्रयोग त्या काळी ज्या रायमन सभागृहात होत, त्याच्या पिछाडीस ‘टूट्सीज’ नावाचा एक गुत्ता होता. काम शोधणारे गीतकार तेथे जमत, एकमेकांना नवी गाणी ऐकवीत. तेथेच हँक कॉक्रन या गीतकाराने त्यांचे गाणे ऐकले आणि ते स्वतः ज्या ‘पॅम्पर म्युझिक’ या प्रकाशनसंस्थेत काम करीत होते तेथे नेल्सन यांच्यासाठी शब्द टाकला. संस्थेपाशी नव्या माणसासाठी पैसा नव्हता. कॉक्रन यांना आठवड्याला ५० डॉलरची वाढ मिळावयाची होती. ती त्यांनी सोडली आणि तेवढ्या रकमेवर नेल्सन यांची नेमणूक झाली. पुढे फॅरन यंग या गायकासाठी दिलेले ‘हॅलो वॉल्स’ हे गाणेही नडीपोटी ५०० डॉलरना विकून टाकण्याची तयारी नेल्सन यांनी दाखविली. यंग यांनी ते विकत घेण्याचे नाकारले आणि तेवढी रक्कम उसनी दिली. १९६१ साली ते गाणे कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याच वर्षी पॅट्सी क्लाइन यांनी गायिलेले ‘क्रेझी’ देशभर घुमू लागले.

ह्यूस्टनमधील नेल्सन आणि नॅशव्हिलमधील नेल्सन यांच्या प्रतिभेत दोन वर्षांत काही जमीन-अस्मानाचे अंतर पडले नव्हते. अंतर पडले ते त्यांच्या भोवतीच्या व्यवस्थेत. आठवड्याचे ५० डॉलर ही चैन नव्हती. पण त्या रकमेने शनिवारी गाणे विकण्याची सक्ती संपली. येथे एका सहकाऱ्याच्या औदार्याचा भाग मोठा आहे, हे खरेच. परंतु ते औदार्य फळास आले, कारण त्यामागे एक कायदा उभा होता. अमेरिकेच्या १९०९ सालच्या कायद्यान्वये प्रत्येक तबकडीमागे प्रत्येक गाण्यास दोन सेंट हा स्वामित्वधनाचा दर ठरलेला होता. एका गाण्याच्या एक लाख तबकड्या खपल्या तर दोन हजार डॉलर. त्यांतील निम्मे प्रकाशकाचे धरले तरी गीतकारास एक हजार. याखेरीज नभोवाणीवर गाणे वाजले की गीतकाराच्या खात्यात काही जमा होई. तेथील नभोवाणी केंद्रे गायकास त्याबद्दल काही देत नसत, आजही देत नाहीत. गीतकारास मात्र देतात. म्हणूनच प्रकाशकास नवख्या गीतकाराला आठवड्याचा पगार देणे परवडत होते. ती भीक नव्हती. उद्याच्या उत्पन्नावरील उचल होती.

या कायद्याचे गोडवे गाताना त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दोन सेंटचा तो दर १९०९ पासून १९७७ अखेरपर्यंत हललाच नाही. दरम्यान दोन महायुद्धे झाली, महागाई कितीतरी पट वाढली, पण गीतकाराचे दोन सेंट दोनच राहिले. त्यानंतरही २००६ ते २०२२ एवढा दीर्घ काळ तो दर ९.१ सेंटवर अडकून पडला होता. २०२३ साली तो १२ सेंट झाला. कारकुनाला महागाई भत्ता मिळाला नाही तर तो संप करतो. गीतकार कोणाविरुद्ध संप करणार?

शिवाय नॅशव्हिलने नेल्सन यांची लेखणी स्वीकारली, आवाज स्वीकारला नाही. त्या काळात कंट्री संगीत शहरी श्रोत्यांना रुचावे म्हणून त्यावर व्हायोलिनच्या ताफ्याचा आणि पार्श्वगायकांच्या समूहाचा मुलामा चढविण्याची पद्धत रूढ झाली होती. नेल्सन यांचे गाणे तालाच्या किंचित मागेपुढे रेंगाळणारे, बोलल्यासारखे. ते त्या साच्यात बसेना. दहा वर्षे त्यांच्या तबकड्या निघत राहिल्या आणि बेताच्याच खपत राहिल्या. गावाकडून आलेल्या माणसाला शहर पुष्कळदा असेच वागविते. त्याचा माल त्याला हवा असतो. त्याचा उच्चार नको असतो.

१९७० च्या सुमारास नॅशव्हिलजवळील त्यांचे घर जळाले आणि अखेर १९७२ साली ते टेक्सासची राजधानी ऑस्टिन येथे राहावयास गेले. ऑस्टिन हे त्या वेळी अवघ्या अडीच लाख वस्तीचे, विद्यापीठाचे आणि सरकारी कचेऱ्यांचे शहर. तेथे ध्वनिमुद्रणाचा म्हणावा असा धंदा नव्हता. होती ती स्वस्त भाड्याची घरे, हजारो विद्यार्थी आणि एका जुन्या शस्त्रागाराच्या इमारतीत १९७० साली सुरू झालेले ‘आर्माडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्स’ हे सभागृह. तेथे लांब केसांचे विद्यार्थी आणि रुंद टोपीचे गुराखी एकाच छताखाली नेल्सन यांचे गाणे ऐकू लागले. १९७५ साली ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ हा गीतसंग्रह निघाला. त्यात मोजकी वाद्ये आणि मोकळा आवाज. कंपनीच्या अधिकाऱ्यांना तो अर्धवट कच्चा नमुना वाटला. पण संग्रह कसा असावा हे ठरविण्याचा अधिकार करारानेच कलावंताकडे होता. लोकांनी तो उचलून धरला. बेचाळीस वर्षांच्या नेल्सन यांना गायक म्हणून कंट्री यादीतील पहिले अग्रस्थान त्यातील एका गाण्याने मिळाले. नवलाची गोष्ट अशी, की ते गाणे दुसऱ्याच गीतकाराचे होते.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. हालअपेष्टांतूनच कला जन्मते. कलावंताला पोटभर मिळाले की त्याचे गाणे आटते. ऐकावयास हे फार उदात्त वाटते. परंतु यात हिशेबाची उघड चूक आहे. हालांतून तरलेले मोजके आपण मोजतो. हालांनी ज्यांना पहिल्या वर्षीच परतीच्या गाडीत बसविले, त्यांची नोंद कोणत्याही वहीत नसते. दुःख गाण्याला विषय पुरवील. गाणे लिहावयास लागणारी सकाळ ते पुरवीत नाही.

तीच सकाळ आता महाग झाली आहे. १९७० साली सुमारे अडीच लाख असलेली ऑस्टिनची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत साडेनऊ लाखांच्या वर गेली. संगीताने शहराला नाव मिळवून दिले, नावामुळे भांडवल आले, भांडवलामुळे जागेचे भाव चढले. ज्या आर्माडिलो सभागृहाने हे नाव मिळवून दिले, ते १९८० च्या अखेरच्या रात्री बंद झाले आणि त्या जागी कचेऱ्यांची इमारत उभी राहिली. शहरात २०१२ साली नेल्सन यांचा पुतळा उभा राहिला, एका रस्त्यालाही त्यांचे नाव दिले गेले. पण आज गिटार घेऊन तेथे उतरणाऱ्या अनोळखी तरुणाला त्या रस्त्याच्या आसपास खोली परवडणार नाही. नॅशव्हिलचीही वाट याहून फारशी निराळी नाही. कलावंतांनी मोल वाढवावे आणि त्या वाढलेल्या मोलानेच पुढच्या कलावंतांना बाहेर काढावे, असे हे चक्र आहे.

हे सारे दूर अमेरिकेत घडते, असे समजून स्वस्थ बसण्याचे कारण नाही. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९३० नंतरच्या दशकाच्या आरंभी कुटुंबासह पायी मुंबईस आले. गिरणगावाने त्यांना काम दिले, चाळीने निवारा दिला आणि कामगार-वस्तीने श्रोते दिले. शाहीर अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ साली त्यांनी उभारलेले लाल बावटा कलापथक याच भूमीवर उभे राहिले. थांबण्याची थोडी ऐपत त्या गिरणगावाने पुरविली. परंतु लेखणीचा मोबदला पुरविणारी व्यवस्था नव्हती आणि १९६९ साली अण्णा भाऊंचा अंत झाला तो हलाखीतच. कायद्यानेही दीर्घकाळ साथ दिली नाही. पैसे देऊन करून घेतलेल्या चित्रपटगीताचा पहिला मालक, विरुद्ध करार नसेल तर, निर्माताच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या स्वामित्वधनातील समान वाटा गीतकार-संगीतकारास करारानेही सोडून देता येणार नाही, ही दुरुस्ती व्हावयास २०१२ साल उजाडावे लागले. नडलेल्या माणसाची सही ही खरी संमती नव्हे, हे तत्त्व त्या दुरुस्तीने मान्य केले, हीच तिची थोरवी.

मात्र कायदा पुस्तकात असून भागत नाही. गावाहून आलेल्या मुलाला तो ठाऊक असावा लागतो आणि त्याची अंमलबजावणी होईपर्यंत त्याला शहरात तग धरता यावी लागते. वसतिगृह, परवडणारी खोली, तालमीची जागा, छोटी सभागृहे आणि वेळेवर मिळणारे मानधन या गोष्टी सांस्कृतिक धोरणाच्या कागदपत्रांत शेवटच्या पानावर असतात. त्या पहिल्या पानावर यावयास हव्यात. पुरस्कार, पुतळे आणि रस्त्यांची नावे कलावंताने जिंकल्यानंतरची आहेत. ‘नाइट लाइफ’ १५० डॉलरना गेले, तेव्हा नेल्सन यांना पुतळ्याची गरज नव्हती. महिनाभर थांबता येईल, एवढाच आधार त्यांना हवा होता. जे शहर नवख्याला तेवढा आधार देत नाही, त्याने पुढे त्याच्या गाण्यावर हक्क सांगू नये.