वास्तू ‘तथास्तु’ म्हणते, पण…

आमच्या घरात एक वाक्य दिवसातून चारदा तरी कानांवर पडते: “शुभ बोलावं गं, वास्तू तथास्तु म्हणते.” डब्यातले तांदूळ संपले तर सासूबाई ‘संपले’ म्हणू देत नाहीत, ‘वाढले’ म्हणायचे. बांगडी फुटत नाही, ‘वाढवते’. बाहेर निघताना ‘जाते’ नव्हे, ‘येते’. लग्न होऊन आले तेव्हा मला या सगळ्याचे हसू यायचे. बी.ए.ला मानसशास्त्र घेतले होते ना, त्याचा थोडा ताठाही होता! आता बारा वर्षांनी माझ्याही तोंडून सहज ‘येते हं’ निघते, आणि त्यात काही वावगे वाटत नाही.

पण मैत्रिणींनो, याच वाक्याने गेल्या पौषात आमच्या घरी मोठा घोळ घातला. त्यात माझाही हात होता, म्हणूनच आज लिहायला बसले आहे.

सासूबाईंना वीस वर्षांचा जुना दमा. त्यांचे दोन पंप आहेत. एक रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, दुसरा दम लागला तरच. थंडीच्या सुरुवातीला शेजारच्या काकू त्यांना विचारांच्या सामर्थ्यावरच्या एका व्याख्यानमालेला घेऊन गेल्या. चार संध्याकाळी व्याख्याने झाली. ‘शरीर मनाचे ऐकते. जो स्वतःला आजारी म्हणतो तोच आजारी राहतो,’ असे तिथे सांगितले गेले. सासूबाई परतल्या त्या चेहऱ्यावर वेगळेच तेज घेऊन. दुसऱ्या दिवसापासून पहाटे डोळे मिटून बसायचे आणि मनाशी घोकायचे, ‘मी ठणठणीत आहे.’

आणि खरे सांगते, फरक पडला! एरवी शाल गुंडाळून कोपऱ्यात बसणाऱ्या सासूबाई गच्चीवर ऊन खायला जाऊ लागल्या. कोथिंबीर निवडताना गुणगुणू लागल्या. ह्यांना तर इतका आनंद झाला! मीही म्हटले, “बघा आई, मनात आणलं की होतं सगळं.” एवढ्यावर थांबले नाही. माझ्या शाळेतल्या वळणदार अक्षरात ते वाक्य कागदावर लिहिले आणि फ्रीजच्या दारावर चिकटवले.

रोजचा पंप त्यांनी बंद केल्याचे मला पाचव्या-सहाव्या दिवशी कळले. मी गप्प बसले. त्यांना बरे वाटत होते, मग कशाला मोडता घालायचा?

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री अडीचच्या सुमाराला पाणी प्यायला उठले, तर सासूबाई पलंगाच्या कडेला दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसलेल्या. ओठ काळेनिळे. “आई, काय होतंय?” विचारले तर एक वाक्य धड पुरे होईना. दोन शब्द, मग श्वास. दोन शब्द, मग श्वास. दम लागल्यावरचा पंप दिला, पण त्याने काही उतार पडेना. संध्याकाळपासूनच त्यांना त्रास होत होता, हे मागून समजले. ‘दम लागतोय’ असे म्हणायचे नाही, म्हणून कुणाला हाक मारली नव्हती. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेले. प्राणवायू, वाफारे, सुया असे तीन दिवस काढले.

मास्क काढल्यावर त्यांचे पहिले वाक्य काय असावे? “माझाच विश्वास कमी पडला गं.”

ते ऐकून माझ्या पोटात कालवले. दम्याने बाईला गुदमरवले ते गुदमरवलेच, वर त्याचा दोषही तिच्याच माथी! आणि तो कागद माझ्या अक्षरातला.

आमचे डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कागदावर नळी काढून दाखवली. दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात आणि बाहेरचे स्नायू आवळले जातात. रोजचा पंप ती सूज हळूहळू उतरवतो. तो बंद केला की लगेच काही होत नाही. कित्येक दिवस माणूस बरा दिसतो, पण सूज आत चढत असते. मग थंडी, धूळ, साधे पडसे, काहीतरी निमित्त होते. “त्यांना बरं वाटत होतं ते खोटं नव्हतं,” डॉक्टर म्हणाले, “पण ‘वाटणं’ आणि ‘असणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.”

हे वाक्य मनातून जाईना, म्हणून मुद्दाम शोधून वाचले. अमेरिकेतल्या बॉस्टनच्या संशोधकांनी २०११ साली दम्याच्या रुग्णांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला आहे. त्याच रुग्णांना आळीपाळीने कधी खरा पंप दिला, कधी औषध नसलेला, तसाच दिसणारा पंप. कधी सुया टोचल्याचे नुसते नाटक केले, तर कधी काहीच दिले नाही. मग विचारले, किती बरे वाटते? खऱ्या पंपाने सरासरी ५० टक्के बरे वाटले, खोट्या पंपाने ४५ टक्के आणि खोट्या सुयांनी ४६ टक्के. काहीच न दिल्यावर अवघे २१ टक्के. म्हणजे विश्वासाने आणि कुणीतरी आपली काळजी घेते आहे या भावनेने दिलेला आराम जवळजवळ औषधाइतका! पण त्याच वेळी यंत्रात फुंकायला लावून पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, तेही मोजले होते. खऱ्या औषधाने ती २० टक्क्यांनी वाढली. बाकी तिन्ही वेळा सुमारे ७ टक्के. खोटा पंप घ्या नाहीतर काहीच घेऊ नका, फुप्फुसाला सारखेच.

आमच्या घरात तीन आठवडे नेमके हेच चालले होते. मन म्हणत होते ‘ठणठणीत’, आणि नळ्या सुजत होत्या.

मग विश्वास म्हणजे नुसता भ्रम का? तसेही नाही बरं का! मूल पडते, गुडघा खरचटतो, आपण फुंकर घालतो, “बाऊ पळाला!” म्हणतो आणि रडे थांबते. त्या फुंकरीत औषध नसते, पण दुखणे खरोखर कमी होते. १९७८ साली अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोला दाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. वेदनाशामक म्हणून औषध नसलेले इंजेक्शन दिले, तरी काहींचे दुखणे कमी झाले. नंतर त्यांना नालोक्झोन दिले. हे औषध अफूच्या जातीच्या वेदनाशामकांचा परिणाम पुसून टाकते. ते देताच ज्यांना आराम पडला होता त्यांचे दुखणे पुन्हा वाढले. याचा अर्थ असा की ‘आता बरे वाटणार’ या अपेक्षेने मेंदूने स्वतःच अफूसारखे द्रव्य तयार केले होते.

म्हणजे वेदना, धास्ती, मळमळ, थकवा असे जे मेंदूला ‘जाणवते’, तिथे विश्वासाचा हात पोहोचतो. नळीची सूज, छातीतली गाठ, रक्तातली साखर यांच्यासाठी त्याच्या भरवशावर राहता येत नाही. आणि एखादी आजारी पडली तर ती तिच्या विचारांमुळे, हे तर कधीच म्हणू नये. माझ्या एका मैत्रिणीचे तिसऱ्या महिन्यात पोट पडले, तेव्हा भेटायला आलेल्या बाईने तिला विचारले होते, “मनात काही वाईट आणलं होतंस का गं?” ती अजून त्या प्रश्नातून बाहेर आलेली नाही. अशा सुरुवातीच्या गर्भपातांचे सर्वांत मोठे कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष हे असते. तिथे आईच्या मनातल्या विचाराचा काय संबंध? पण तिला ते कुणी सांगितलेच नाही.

विश्वासाचे आणखी एक काम असते, आणि ते मला शाळेत दिसले. मी अर्धवेळ शिकवते, पाचवीला गणित. वर्ग हाती घेतला तेव्हा आधीच्या बाईंनी शेवटच्या बाकावरच्या एका मुलाकडे बोट दाखवून सांगितले होते, “त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.” मी तरी कुठे ठेवली? हुशार मुलीला प्रश्न विचारला की मी उत्तराची वाट पाहायची. त्याला विचारला की दोन क्षणांत पुढच्याकडे वळायची. हे मी करते आहे, हे माझे मलाच ठाऊक नव्हते.

रॉबर्ट रोझेन्थल हे मानसशास्त्रज्ञ आणि लेनोर जेकबसन या कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका यांचे १९६८ सालचे पुस्तक या बाबतीत प्रसिद्ध आहे. त्यांनी शिक्षकांना सांगितले की चाचणीवरून अमुक मुले यंदा चमकणार. खरे तर ती नावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कशीही निवडली होती. वर्षअखेरीस पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचे बुद्धिमापन इतरांपेक्षा जास्त वाढलेले आढळले. वरच्या वर्गांत विशेष फरक पडला नाही. पुढे या प्रयोगावर बरेच वाद झाले आणि परिणाम आधी वाटला त्याहून लहान असतो असे दिसले, पण तो असतो. कसा? जादूने नव्हे. ज्याच्यावर विश्वास असतो त्याच्याशी शिक्षक गोड बोलतात, त्याला जास्त शिकवतात, उत्तराला जास्त वेळ देतात, चूक नीट समजावतात.

दवाखान्यातून आल्यावर मी ठरवले, विचारांचे सामर्थ्य तपासायचेच तर ते आपल्या वागण्यात तपासू. त्या मुलाला पहिल्या बाकावर आणले. प्रश्न विचारला की मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे, तोवर पुढे सरकायचे नाही. आठवड्याभरात लक्षात आले की पहिल्या बाकावरूनही तो डोळे बारीक करून फळा वाचतो! घरी निरोप धाडला. डोळे तपासले तर चांगला मोठा नंबर निघाला. आता चष्मा आहे. पहिला नंबर वगैरे नाही हो आला. पण भागाकार चुकत नाही आणि हात वर करतो. चष्म्याचे काम माझ्या विश्वासाने केले नाही. पण विश्वास ठेवून पाहिले नसते, तर त्याचे बारीक केलेले डोळे मला दिसलेच नसते.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात शुभ जरूर बोलावे. पण एवढे पथ्य पाळावे:

एक, बरे वाटते म्हणून रोजचे औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. ते कमी करायचे की नाही हे डॉक्टरांनी तपासून ठरवावे. दम्याचा रोजचा पंप घेतल्यावर चूळ भरून गुळण्या करायला विसरू नये.

दोन, दमेकऱ्याला वाक्य पुरे करता येत नसेल, ओठ निळे दिसत असतील किंवा पंपाने उतार पडत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. तडक दवाखाना गाठावा.

तीन, ‘दुखतंय’, ‘भीती वाटते’ असे म्हणायला घरात मोकळीक असावी. तेवढ्याने वास्तू रागवत नाही.

चार, मुलांबद्दल ‘हा मठ्ठच’, ‘हिला जमायचंच नाही’ असे त्यांच्यासमोर तर नाहीच, मनातही म्हणू नये. कारण ते आपल्या वागण्यात उतरते आणि तिथून मुलात.

फ्रीजवरचा कागद मी काढून टाकायला गेले तर सासूबाईंनी हात धरला. “असू दे गं, अक्षर छान आहे तुझं.” त्याखाली त्यांनी स्वतःच्या थरथरत्या अक्षरात पंपाची वेळ लिहिली: सकाळी ७, संध्याकाळी ७. पंप आता देवघराच्या कोनाड्यात, उदबत्तीच्या घराशेजारी असतो. मात्र उदबत्ती लावणे बंद केले आहे, धुराने दम उठतो म्हणून.

परवा मी घाईत विचारले, “आई, पंप संपत आला का?”

तर म्हणाल्या, “संपला म्हणू नये, वाढला म्हणावं. आणि येताना नवा घेऊन ये.”