महाडच्या डॉक्टरांचा एच-इंडेक्स

शाळेत माणसाची किंमत टक्क्यांत होते, इंजिनिअरिंगला आलो की पॉइंटरमध्ये, आणि रिसर्चमध्ये शिरलो की सायटेशनमध्ये. माप बदलतं, मोजायची खाज काही जात नाही! सध्या तर ‘अमुक सरांचा एच-इंडेक्स किती’ हे क्रिकेटच्या अ‍ॅव्हरेजसारखं विचारलं जातं. पुढच्या वर्षी आपल्यालाही प्रोजेक्टवर पेपर छापायचा आहे. तेव्हा हे माप नक्की काय मोजतं, ते एकदा बघूया की!

सायटेशन म्हणजे तुमच्या शोधनिबंधाचा इतरांनी आपल्या निबंधात केलेला उल्लेख. असे उल्लेख मोजून 2005 साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स काढला. तुमच्या दहा पेपर्सना प्रत्येकी निदान दहा उल्लेख मिळाले असतील, तर तुमचा एच-इंडेक्स दहा. सोपं आहे. पण यातली गोम अशी की आयुष्यात दोनच पेपर लिहिले आणि त्या दोघांनी जग हलवलं, तरी तुमचा एच-इंडेक्स दोनच! त्याच्या पुढे तो जाऊच शकत नाही.

आता एका डॉक्टरांबद्दल सांगते. गणपतीला मुलुंड, बोरिवलीहून कोकणात जाणाऱ्या एसटी ज्या महाडवरून जातात, तिथले डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेले, नागपूरला एमबीबीएस झालेले, 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचू चावलेली माणसं यायची. त्यात लहान मुलं पुष्कळ. दरदरून घाम, वांत्या, हातपाय गार, आणि मग फुप्फुसात पाणी. गंभीर झालेल्या शंभर रुग्णांतले तीसच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही जास्त, दगावायचे. लॅब नाही, मशिन नाही. डॉक्टर रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाला नाडी आणि ब्लडप्रेशर लिहीत राहिले.

त्या नोंदींमधून जे दिसलं ते 1982 साली ‘लॅन्सेट’ या लंडनच्या जर्नलमध्ये छापून आलं. पुढे उपायही सापडला. आपल्या भाषेत सांगायचं तर, विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि हृदयाची गत डिलिव्हरी व्हॉल्व्ह जवळजवळ बंद असताना चालवलेल्या पंपासारखी होते. पंपाला आणखी जोर द्यायचा नाही, व्हॉल्व्ह उघडायचा! ते काम करणारी प्राझोसिन नावाची ब्लडप्रेशरची गोळी बाजारात होतीच, आणि स्वस्त होती. 1986 साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. गोळी वेळेवर मिळाली तिथे मृत्यूचं प्रमाण शेकडा एकाच्या आसपास उतरलं. बावस्करांना पद्मश्री मिळाली 2022 साली. तोपर्यंत किती मुलं मोठी होऊन त्यांचीही मुलं शाळेत गेली असतील, याचा हिशोब कुठल्याच इंडेक्समध्ये नाही.

का नाही? कारण सायटेशन देतो तो पेपर लिहिणारा. विंचू चावतो तो भातखाचरात काम करणाऱ्याला, पहाटे अंधारात गवताचा भारा उचलणाऱ्या बाईला. ती बरी होऊन घरी जाते, पेपर लिहीत नाही. कॅन्सरवर जगभर हजारो लॅब्ज काम करतात, म्हणून तिथे एकाचा उल्लेख करायला हजार जण आहेत. विंचवावर काम करणारे तुरळक, कारण हा मुख्यतः गरीब देशांतल्या खेड्यांचा आजार. म्हणजे आकडा कमी असला तर काम लहान, असं नसतं. कधीकधी ज्यांच्यासाठी काम केलं ते लोक फक्त गरीब असतात.

उलट बाजूही बघा. त्याच ‘लॅन्सेट’मध्ये 1998 साली अँड्र्यू वेकफिल्डचा निबंध आला. फक्त 12 मुलांवरून त्याने एमएमआर लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवला. तो खोटा ठरला, 2010 साली जर्नलने मागे घेतला. पण त्याचे उल्लेख भरपूर झाले, त्यातले कितीतरी ‘हे चूक आहे’ असं सांगणारे. मोजणाऱ्या यंत्राला शिवी आणि शाबासकी सारखीच.

आणि आकड्यालाच बक्षीस लावलं की काय होतं? वैद्यकीय शिक्षकांच्या बढतीला शोधनिबंधांची अट होतीच, 2015 साली मेडिकल कौन्सिलने पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय मिळेल असं ठरवलं. आता हे ऐका. आपल्या मुंबईच्या नावाचा ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. त्या छोट्याशा लेखाला सात लेखक होते. त्या नियमाने मोजलं तर पाच जणांच्या पदरात शून्य!

अशा अटींवर एक धंदाही उभा राहतो. 2013 साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका घालून एक बनावट पेपर पैसे घेऊन छापणाऱ्या 304 जर्नल्सना पाठवला. निम्म्याहून जास्त जर्नल्सनी तो स्वीकारला, आणि त्या 304 पैकी जवळपास एक तृतीयांश भारतातली होती. आपल्याकडेही सीनियर्सच्या मोबाइलवर ‘तीन दिवसांत पब्लिकेशन, सर्टिफिकेटसह’ अशा जाहिराती फिरतातच. पी हळद नि हो गोरी. मग तू मला साइट कर, मी तुला करते. अहो रूपम्, अहो ध्वनिः!

यावर माझ्या ग्रुपमधला एक मित्र म्हणतो, ‘‘मग पेपर लिहायचेच कशाला? काम करा आणि गप्प बसा.’’ हे मला अजिबात पटत नाही. बावस्करांनी लिहिलं नसतं तर प्राझोसिन महाडपुरतंच राहिलं असतं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या, दुसऱ्या देशातल्या डॉक्टरला ते कळलं कसं असतं? छापणं म्हणजे आपलं काम चारचौघांसमोर ठेवून ‘तपासा’ म्हणणं. आणि हे त्यांनी स्वतःच्या औषधालाही लावलं. विंचवावरची हाफकिनची प्रतिलस आल्यावर त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी 70 रुग्णांवर रीतसर तुलना केली. नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिन आणि प्रतिलस मिळून रुग्ण लवकर बरा होतो, असं निघालं. 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी ते छापलं. ज्या गोळीने नाव झालं, ती एकटी कमी पडते हे स्वतःच जगाला सांगितलं! माझ्या मते त्यांच्या पब्लिकेशनच्या यादीतली ही सगळ्यात मोठी नोंद आहे, आणि एच-इंडेक्समध्ये ती बाकीच्यांसारखीच एक धरली जाते.

म्हणून आपल्या डिपार्टमेंटला माझी एक सूचना आहे. फायनल इयरला पेपर छापला की मार्क, ही अट नको. त्याऐवजी प्रत्येक ग्रुपने आपला डेटा, सर्किट, कोड आणि फसलेले प्रयोगसुद्धा नीट लिहून लायब्ररीत ठेवावेत. व्हायव्हात तीनच प्रश्न विचारावेत: तुम्ही नक्की काय मोजलंत? ते कोणाच्या उपयोगाचं आहे? आणि तुमचं चुकलंय हे कशावरून कळेल? ज्याचं काम खरंच दमदार असेल त्याने जरूर चांगल्या जर्नलला पाठवावं, नापसंत होऊन परत आलं तर सुधारून पुन्हा पाठवावं.

आमच्या ग्रुपमध्ये यावर अजून भांडण चालू आहे. चौघांत दोघांना सर्टिफिकेट हवंय, कारण बायोडेटात एक ओळ वाढते आणि नोकरीच्या दिवसांत ती ओळ उपयोगी पडेलही. त्यांना मी दोष देत नाही. पण दीड-दोन हजार रुपये देऊन कोणीही न वाचलेला पेपर छापण्यापेक्षा, पुढच्या बॅचला आमची फाइल उघडून ‘अरे, हे इथे अडले होते’ एवढं कळलं, तरी मला ते एक सायटेशन पुरेसं आहे.

— टी.ई., इलेक्ट्रॉनिक्स